न वाळणारे कपडे

क्रीडा वसतिगृहाच्या तळघरात धुलाईखोली होती आणि तिथे मावशीच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. शेजारच्या देशातून तेवीस मुली आल्या होत्या, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी. प्रत्येकीची एक जाळीची पिशवी, पिशवीवर तिचा नंबर. रोज सकाळी सातला पिशव्या खाली यायच्या, त्यांच्यामागून गोलरक्षक पोर यायची आणि दारातल्या पाइपावर डोकं आपटायची. तिला सगळे लंबू म्हणत.

"देवाने उंची दिली, डोळे द्यायला विसरला का गं?" मावशी रोज विचारायची.

"डोळे आहेत मावशी, ते बॉलवर असतात," लंबू कपाळ चोळत म्हणायची. तिची बोली थोडी वेगळी होती, पण कळायची.

पहिला सामना दोन दिवसांवर आला आणि त्या सकाळी पिशव्या आल्याच नाहीत. साडेसात झाले, आठ झाले. शेवटी मावशी गुडघे धरत जिना चढून वर गेली.

खोल्यांमधल्या वाटेत भिंतीला टेकून तेवीसच्या तेवीस मुली जमिनीवर बसल्या होत्या. कुणाच्या एकाच पायात बूट, कुणाची वेणी अर्धी घातलेली. मधोमध त्यांच्या प्रशिक्षक बाईंचा फोन पडला होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या, उचलत नव्हत्या. कुणी रडत नव्हतं. रडणारं पोर जवळ घेता येतं. या तर दगड झाल्या होत्या.

"मावशी, आमच्या शहरावर बॉम्ब पडले," लंबू म्हणाली. साबण संपला म्हणावं, तशी.

"मग आज सरावाचे कपडे?" मावशीच्या तोंडून निघून गेलं आणि तिला आपलीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. पण लंबू उठली. खोल्या-खोल्यांतून फिरून तिने कालच्या मळक्या कपड्यांच्या तेवीस पिशव्या गोळा केल्या आणि खाली आणून दिल्या. दारातल्या पाइपावर कपाळ खाडकन आपटलं. तिने हातसुद्धा लावला नाही.

दुपारी व्यवस्थापक आले. मनगटावरचं घड्याळ बघितल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना घड्याळराव म्हणत.

"स्पर्धा रद्द झाली मावशी. युद्ध म्हटल्यावर कुठला फुटबॉल! उद्या दहाला बस येईल, मुलींना सीमेवर सोडेल. कपडे तयार ठेवा."

"सीमेवर? अहो साहेब, आग लागलेल्या घरात कुणी पोरं परत धाडतं का?"

"वरून आदेश आहे. तुम्ही धुण्याचं बघा, युद्धाचं बघायला लोक आहेत."

मावशी धुण्याचंच बघायला लागली. कपडे संध्याकाळीच वाळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली, दोऱ्यांवरून सगळे काढले, खाली आणले आणि हौदात बुडवले. मग पिळले न पिळले करून पुन्हा वाळत घातले.

दहाला बस फाटकात लागली. घड्याळराव गच्चीवर आले.

"वाळले नाहीत," मावशी म्हणाली.

"या उन्हात? अहो, या उन्हात माणूस वाळेल!" त्यांनी एक बाही चिमटीत धरली. पाणी टपकलं.

"ओले द्या मग," ते म्हणाले.

मावशीने त्यांना खाली नेलं आणि भिंतीवर चौकटीत लावलेल्या नियमावर बोट ठेवलं. गेल्या वर्षी कुणाचा तरी कोट हरवला, तेव्हा त्यांनीच हा नियम लावला होता. मावशीने एकेक शब्द सावकाश वाचला. "धुतलेले, वाळलेले, सर्व कपडे, पाहुण्याच्या हाती, दिल्याशिवाय, खोली सोडू देऊ नये. खाली सही आहे. कुणाची म्हणायची?"

घड्याळरावांनी घड्याळ बघितलं. "उद्या दहा. त्यानंतर मी ऐकणार नाही."

बस रिकामी परत गेली. चार वाजता कपडे पुन्हा कडकडीत वाळले आणि मावशी पुन्हा हौदापाशी बसली. तेवढ्यात लंबू आली.

"मावशी, हे तर सकाळीच धुतले ना?"

"गप गं. माती निघाली नव्हती."

लंबू बघत राहिली. मग शेजारी बसून तिने स्वतःचे हातमोजे पाण्यात सोडले आणि बोटं गार पडेपर्यंत दाबून धरले. "आई फोन उचलत नाही," ती म्हणाली. मावशीने तिच्या हातावर आपला हात ठेवला, पाण्यातच.

तिसऱ्या दिवशी नऊलाच घड्याळराव गच्चीवर आले. मावशी नुकतीच चढून आली होती. रात्रीत सगळे कपडे वाळले होते आणि ते वाऱ्यावर फडफडत होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तिने कमरेला पदर खोचला आणि भांडायला तोंड उघडलं.

"साडेबारा," ते म्हणाले.

"काय साडेबारा?"

"सीमेवरचा पूल. काल साडेबाराला उडवला." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "इथून दहाला निघालेली बस साडेबाराला पुलावर असते. मी तीनदा हिशेब केला मावशी. साडेबारालाच असते."

मावशी होती तिथेच, दोऱ्यांखाली बसली. आपण हट्ट करतोय एवढंच तिला ठाऊक होतं. डोक्यावर तेवीस शर्ट हलत होते आणि तिला वर बघवेना.

घड्याळरावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी चढ्या आवाजात बोलत होतं.

"हो. बस दहाला येणार, दुसऱ्या रस्त्याने जाणार, ठाऊक आहे," ते म्हणाले. बोलताबोलता त्यांनी दोरीवरून लंबूचा एक नंबरचा शर्ट ओढला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत घातला आणि घड्याळासकट मनगटापर्यंत हात बुडवून तो खाली दाबला.

"पण मुली निघू शकत नाहीत साहेब. कपडे अजून ओले आहेत."