माणूस नसलेला फोटो

ज्यात एकही माणूस नाही असा एकच फोटो सुचेताला हवा होता, आणि तोही रविवारी सकाळी नऊच्या आत. रविकिरण सरांच्या फोटोग्राफीच्या ऑनलाइन वर्गाचा पहिलाच गृहपाठ होता तो: निसर्गदृश्य, माणूस वर्ज्य. मागच्या दोन रविवारी तिचे फोटो परत आले होते. पहिल्यात डोंगरापेक्षा अडीच वर्षांची सिद्धी मोठी दिसत होती. दुसऱ्यात सिद्धी नव्हती, फक्त तिचा एक बूट होता. पण बुटात पाय होता. तिसरा चुकला तर सर तिला पुढच्या बॅचमध्ये ढकलणार होते. कॅमेरा ही बाळंतपणानंतर निव्वळ स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू. एकदा कपाटात गेली की तिथेच म्हातारी होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून साडेआठला ती बेंगळुरात, जे. पी. नगरातल्या घराजवळच्या तळ्याकाठी उभी होती. सिद्धीला नवऱ्याकडे, अवधूतकडे सोपवलं होतं. म्हणजे, तसं तोंडाने म्हटलं होतं.

"हात धर तिचा."

"धरलाय."

"मनगट धर. बोटं सुटतात."

"सुचेता, तू तळ्याकडे बघ बरं."

ती तळ्याकडे बघायची. पण बटण दाबताना नेमकी मान सिद्धीकडे वळायची, आणि मानेबरोबर कॅमेराही. फिरायला आलेले शेजारचे आप्पाजी मागून डोकावले. ते मूळचे निपाणीचे. मराठी कानावर पडली की त्यांचे पाय आपोआप थांबत.

"तळं स्वल्प वाकडं आलंय की हो, अक्का. पाणी सांडंल."

सुचेताने दात आवळून पुन्हा फोटो काढला. तळं सरळ आलं, पण आभाळात एक काळपट डाग होता. आज सकाळी आधी काढलेल्या दोन फोटोंतही होता.

"पक्षी असेल," अवधूत म्हणाला.

"तीनबी फोटोत एकाच जागी?" आप्पाजी म्हणाले. "पक्षी हाय का भाडेकरू?"

तिने कॅमेरा फिरवून भिंगात पाहिलं आणि तिचे कान तापले. निघताना सिद्धीला तीट लावली होती. बोटाला काजळ उरलं होतं. कॅमेरा नवा, तळ्यावर शंभर जण बघणार. कॅमेऱ्याचा गाल कुठला ते न कळल्याने तिने काचेच्या कडेला टेकवलं होतं, अगदी बारीक.

"भिंगाला तीट?" अवधूत म्हणाला. "तू इंजिनिअर आहेस ना गं?"

"मग कुठे लावायची? पट्ट्याला?"

"आमच्यातबी नव्या गाडीला लावतात," आप्पाजींनी बाजू घेतली. "पण काचेला न्हाई. ड्रायव्हरला दिसाय पाहिजे."

नवाला दहा मिनिटं होती. सुचेताने ओढणीच्या टोकाने काच पुसली. काजळ घरचं, एरंडेलातलं. ते निघालं नाही, पसरलं. पडद्यावर झाडं विरघळली, पलीकडच्या इमारती गडप झाल्या. रडायलाही वेळ नव्हता. तिने आहे तसा फोटो काढला, फोनवर घेतला आणि आठ सत्तावन्नला पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं. "अप्रतिम धुकं! या दिवसांत बेंगळुरात कुठे मिळालं? पुढच्या रविवारी सगळा वर्ग तिथे नेऊ."

पंधरा जण पहाटे उठून धुकं शोधतायत, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने लिहिलं, "सर, धुकं नाही. काजळ आहे. माझी चूक."

सरांनी विचारलं: "फोटोत माणूस नाही ना?"

"नाही."

"मग पास. काच मात्र ओढणीने पुसू नका."

'ओढणी' यांना कशी कळली? ती फोटो मोठा करून बघत राहिली. विरघळलेली झाडं, दुधाळ पाणी आणि कुणीच नाही. छानच होता की!

आणि एकदम ती गर्रकन मागे वळली. इतका वेळ तिने सिद्धीकडे पाहिलंच नव्हतं!

मागे सिद्धी कॅमेऱ्याच्या नव्या पिशवीत बसली होती, अवधूत पट्टा धरून तिला गवतावरून ओढत होता आणि आप्पाजी हात हलवत "येऊ दे, येऊ दे, रिव्हर्स" असं ओरडत होते. सुचेताने तोंड उघडलं. डोकं आपटेल, मुंग्या चावतील, पिशवी फाटेल, सगळं ओठांवर आलं होतं.

"अवधूत," ती म्हणाली, "अजून दोन फेऱ्या मार. मला पलीकडच्या काठावरून एक काढायचाय."