खंडेनवमीची राजदूत

कॅफे रेसर म्हणजे काय, हे विश्वजितने बायकोला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा शिवांजलीला ते सारखंच समजलं: चांगल्या मोटारसायकलवरून उपयोगाच्या सगळ्या वस्तू काढून टाकायच्या आणि उरेल तिला वेगवान म्हणायचं. तिची समजूत अगदीच चुकीची नव्हती.

खरा घोळ असा की मोटारसायकल विश्वजितची नव्हती. ती त्याच्या वडिलांची, हिंदुराव आबांची, १९७९ सालची राजदूत. सुभेदार हिंदुराव पलटणीच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी राहत, आणि गुडघे गेल्यापासून गाडी गोठ्यात उभी होती. दोन वर्षांपूर्वी विश्वजितने ‘दुरुस्त करून देतो’ असा शब्द दिला आणि रेल्वेच्या पार्सलने ती दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या आपल्या क्वार्टरवर आणली. तो स्वतः लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. आबांना त्याच्या शब्दावर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

दुरुस्ती त्याने केलीही. आठ रविवारांत राजदूत पहिल्या किकला चालू झाली. तिथे हात आवरला असता तर सगळं निभावलं असतं. पण दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलच्या गाडीला रस्त्यावर यायची बंदी. चालवायचीच नाही तर निदान देखणी तरी दिसू दे, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो मोबाईलवर परदेशी पोरांचे व्हिडिओ बघू लागला. माणूस बिघडायला आणखी काय लागतं?

मायापुरीच्या भंगार बाजारात गौरव नावाचा वेल्डर होता. त्याने राजदूतभोवती एक फेरी मारली आणि लेगगार्डला पायाने टोचलं.

“सर, ये सब फालतू लोहा है। काट दें?”

“बिल्कुल,” विश्वजित म्हणाला. पुढे तो हा शब्द बरेच दिवस आठवत राहिला.

लेगगार्ड गेला, पुढचा मोठा दिवा गेला. उंच हँडल गेलं, त्या जागी आखूड आणि खाली झुकलेलं आलं. दोन माणसांची लांब सीट गेली, फ्रेमचं शेपूट कापलं गेलं आणि तिथे एका माणसापुरती, मागून कुबड आलेली सीट बसली. मडगार्ड गेले. आईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून आबांनी लावून घेतलेला साडीगार्डही गेला. मात्र विश्वजितने यातला एकही तुकडा फेकला नाही. लष्करात साधी फुटकी बादली टाकायची तरी कंडम ठरवायला बोर्ड बसतो. त्याने प्रत्येक तुकड्याला नाव, तारीख लिहून चिठ्ठी बांधली आणि सगळं काळ्या ट्रंकेत रचून ठेवलं. कायदेशीर बाजू अशी भक्कम झाल्यावर त्याला शांत झोप लागू लागली.

मग फोन आला की आई-आबा नवरात्रात दिल्लीला येतायत.

“आबांना सांगितलंय का तुम्ही?” शिवांजलीने विचारलं.

“सरप्राईज आहे.”

“ते तर आहेच,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

विश्वजित एकोणचाळीस वर्षांचा होता, लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेला. तरीही निजामुद्दीन स्टेशनवर आगगाडीची वाट बघताना तो तीनदा फलाटाचा नंबर विचारून आला. त्याला एकच गोष्ट हवी होती: आबांनी गाडीकडे बघून ‘बरी केलीस’ म्हणावं. एवढी दोन शब्दांची पावती आजवर त्याला मिळालेली नव्हती. भरतीला नाही, बढतीला नाही आणि लग्नालाही नाही.

क्वार्टरवर पोचल्यावर आबांनी चहासुद्धा घेतला नाही. व्हरांड्यात जाऊन त्यांनी स्वतःच गाडीवरचं कापड ओढलं. काळी टाकी, पितळेच्या रंगाची रेघ, आरशासारखा चकाकणारा सायलेन्सर.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं.

“आपलीच, आबा.”

आबांनी वाकून इंजिनावरचा नंबर वाचला. मग उठले, हात पुसले आणि आत जाऊन चहा घेतला. त्या दिवशी ते गाडीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. ओरडले असते तर विश्वजितला बरं वाटलं असतं. आई हौसाबाईंनी मात्र रात्री भाकरी वाढताना हळूच विचारलं, “आन् म्या कुठं बसायचं रं?”

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या घरात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाडी सगळं धुऊन पुजायचं. सकाळीच आबा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून व्हरांड्यात आले.

“जुनं सामान काय केलंस?”

“आहे. सगळं आहे,” विश्वजित म्हणाला आणि धावत जाऊन ट्रंक घेऊन आला. एकही नग कमी नव्हता. निदान याची तरी शाबासकी मिळेल, अशी त्याला वेडी आशा होती.

आबांनी सतरंजी अंथरली आणि एकेक नग काढून मांडायला सुरुवात केली. पुढे हँडल, मग मोठा दिवा, लेगगार्ड, सीट, मडगार्ड, साडीगार्ड. ज्याची जागा गाडीवर जिथे होती, तिथेच सतरंजीवर. बघता बघता फरशीवर एक आडवी राजदूत तयार झाली. तिला इंजिन, टाकी आणि चाकं नव्हती एवढंच. आबांनी प्रत्येक तुकड्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि डोळे मिटून हात जोडले. हौसाबाईंनी साडीगार्डला दोनदा कुंकू लावलं.

कॅफे रेसर दोन हातांवर उभी होती. तिला कुणी एक पाकळीही वाहिली नाही.

विश्वजितला रडू कोसळलं. लपवायला जागा नव्हती, म्हणून तो तसाच उभा राहून रडला. “चुकलं माझं, आबा. परत जोडतो सगळं. वेल्डिंग करून होईल.”

“कापल्यालं कशापायी जोडतोस?” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. “आमची गाडी सरली. तिची पूजा झाली. आता ये, तुझी कर.”

“माझी?”

“पलटणीत आपलं हत्यार आपुनच पुजायचं. दुसऱ्याच्या हत्याराला कुणी हात लावत न्हाई, म्हणून म्या लावला न्हाई. ती तू केलीस, तुझी हाय ती.”

विश्वजित गाडीपुढे मांडी घालून बसला. आबांना वाईट वाटलं होतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यावर ते काही पांघरूण घालत नव्हते. त्याने टाकीला कुंकू लावलं. हाराला अडकायला जागाच नव्हती. तो दोनदा घसरून खाली पडला, तेव्हा शिवांजलीने पुढे होऊन तो सीटच्या कुबडावर ठेवला.

पूजा संपली. आबा भिंतीला धरून उठले, गाडीजवळ आले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या झुकलेल्या हँडलवर हात ठेवला. मग खाकरले.

“उद्या दसरा,” ते विश्वजितकडे न बघता म्हणाले. “क्वार्टरच्या गल्लीतनं एक चक्कर मारीन म्हणतो. किक तूच मार, माझा गुडघा चालत न्हाई. पर तुझी हरकत नसंल तरच.”

पोरपणापासून विश्वजित त्यांच्याकडे गाडी मागत आला होता. ते त्याच्याकडे गाडी मागतायत, असं कधी झालं नव्हतं. हे ध्यानात येऊन ‘हो’ म्हणायला त्याला इतका वेळ लागला की आबांना वाटलं, पोरगं देत नाही.