पटाच्या दिवशी मला काढून ठेवलं होतं

माझं तोंड काळं आहे. जन्मतः ते तसं नव्हतं, कामाने झालं. मित्रांनो, मी मोटारीचा सायलेन्सर आहे. मोटारीच्या पोटाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगलेला पत्र्याचा लांबट डबा. तुम्ही मला रोज ऐकता, म्हणजे खरं तर ऐकत नाही, आणि तेच माझं काम.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा दर वेळी एक बारका स्फोट होतो. मिनिटाला असे हजारो स्फोट होतात. तो सगळा आवाज, ती धग आणि धूर एका नळीतून माझ्याकडे येतो. माझ्या पोटात भोकं पाडलेली आणखी एक नळी आहे आणि तिच्याभोवती काचेच्या धाग्यांचा कापूस ठासलेला आहे. आवाज त्यात शिरतो, घुमतो, थकतो आणि माझ्या दुसऱ्या टोकाने शहाणा होऊन बाहेर पडतो. काजळी मात्र माझ्याजवळ राहते. पहिल्या वर्षी मला तिची फार मळमळ होई. चिकट, कडवट, ओल्या राखेसारखी ती चव. पुढे सवय झाली. धुराची किळस येणं बंद होतं. माणसांची किळस कशी येते, ते मला फार नंतर कळलं.

माझा जन्म विलायतेतला. ज्या गाडीखाली मला बसवलं ती दोन माणसांची, बिनछपराची, गडद हिरवी आणि भयंकर पळणारी गाडी होती. १९५६ साली मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाबरोबर आम्ही बालाघाटला आलो. साहेबाला वेग आवडे, पण गोंगाट खपत नसे. खाणीच्या गॅरेजात पुनाराम मेश्राम नावाचे मिस्त्री होते. ते दर महिन्याला गाडीखालच्या खड्ड्यात उतरून माझे नट तपासत, माझ्या अंगावरचा चिखल खरवडून काढत. साहेब म्हणे की गाडी दारात येऊन उभी राहिली तरी घरात कळत नाही. ती माझी स्तुती होती. स्तुतीत माझं नाव कधीच आलं नाही, तरी मला ती पुरे.

१९६४ साली साहेब देश सोडून गेला. जाताना त्याने गाडी लालबर्र्याच्या तेजराम बिसेनला विकली. तेजरामच्या घरची भातगिरणी होती. वडील वारलेले, गिरणीचा कारभार आई अनुसयाबाई बघत. तेजराम अठ्ठावीस वर्षांचा होता. तो मुळात वाईट नव्हता. पण आपण रस्त्याने गेलो आणि लोकांनी मान वळवली नाही, तर त्याला जेवण गोड लागत नसे. त्याच सुमारास पुनाराममिस्त्रींनीही खाण सोडली होती आणि बालाघाटच्या बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं होतं. तेजराम गाडी घेऊन त्यांच्याकडेच येई.

१९६७ च्या जानेवारीत कटंगीकडच्या एका गावात शंकरपट भरणार होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, धुरकऱ्याने वर बसायचं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मैदान पार करायचं. दहा-दहा कोसांवरून माणसं येत. तेजरामने ठरवलं की त्या गर्दीत आपण या गाडीतून जायचं. आणि मग त्याला माझी अडचण वाटू लागली.

पटाच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला आणि बुटाच्या टोकाने मला दाखवून म्हणाला, "हा डब्बा काढून टाक, पुनाराम. गाडीचा गळा दाबून राह्यला हा. सरळ नळी लाव. कोसभर दुरून समजलं पाह्यजे का तेजराम येऊन राह्यला."

मिस्त्रींनी त्याला पुष्कळ सांगून पाहिलं. गाडी थोडी जास्त पळेल, पण धूर बैठकीत शिरेल, डोकं गरगरेल, आणि पटाच्या जागी जनावरं असतात. तेजराम हसला. तुला जमत नसेल तर गोंदियात कुणीही कापून देईल, असं म्हणाला. कापून देईल हे ऐकल्यावर मिस्त्री पाना घेऊन खड्ड्यात उतरले. मला इजा होऊ नये म्हणून त्यांनी ते काम स्वतः केलं, हे मला माहीत आहे. तरीही ते त्यांनी केलं, आणि पुढे हे त्यांना फार लागलं.

मला काढून त्यांनी दोन्ही तोंडं उघडी राहतील असं पोत्यात गुंडाळलं आणि गाडीच्या बैठकीमागे ठेवलं. "शेठ, संगं राहू द्या. परत येतानी बसवून घेऊ," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली ती फाटक्या नगाऱ्यासारखी बोंबलत. आणि आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला स्वतःचीच शिसारी येते. मला त्या सकाळी बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात धूर नव्हता. वारासिवनीच्या रस्त्याला गार वारा माझ्या आरपार जात होता. रस्त्याकडेच्या कोंबड्या उधळत होत्या, एक म्हातारी कानांवर हात धरून खाली बसली, आणि मी मजेत पडून होतो.

मैदानावर हजारो माणसं होती. तेव्हा पळण्याची पाळी महागूच्या जोडीची होती. महागू पन्नाशीचा शेतकरी. त्याचे पाखऱ्या आणि चांद्या हे दोन पांढरे बैल त्या मुलखात नावाजलेले. तो त्यांना मुलांसारखं वागवी, असं सगळे म्हणत. तो छकड्यावर चढला होता, कासरे नीट हातात घेत होता. निशाण अजून पडलं नव्हतं.

तेजरामने गाडी थेट त्याच्या पाठीमागे आणून उभी केली. जागा नव्हती, तरी आणली. आणि सगळ्यांनी बघावं म्हणून त्याने पाय दाबला.

तो आवाज मी ऐकला. जो मी अकरा वर्षं पोटात जिरवत होतो तो हाच, हे मला तेव्हा समजलं. सरळ नळीच्या तोंडातून ठिणग्या उडाल्या. बैल जागेवरच उभे उसळले आणि मैदान सोडून आडवे, गर्दीत घुसले. महागू छकड्यावरून पडला, पण हाताला गुंडाळलेला कासरा सुटला नाही. जोडीने त्याला फरफटत नेलं. मुरमुऱ्याची टोपली घेऊन बसलेल्या मैनाबाईच्या गुडघ्यावरून चाक गेलं. छकडा एका बाभळीला अडकला तेव्हा कुठे बैल थांबले. पाखऱ्याच्या तोंडाला फेस आला होता आणि तो उभ्या उभ्या कापत होता.

महागूचा खांदा निखळला होता. लोक धावले. आणि मित्रांनो, त्या धावपळीत तेजराम गाडीतून न उतरता मोठ्याने म्हणाला, "बैलांले दारू पाजली असन यानं. पह्यलेच सांगतो, बैल पिलेले आहेत."

मग एकाने मान हलवली. मग दुसऱ्याने. ज्यांनी मान हलवली त्यांचं भात तेजरामच्या गिरणीवर जात होतं. महागू जमिनीवर पडून, दातावर दात दाबून नाही नाही म्हणत होता, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. अकरा वर्षांची काजळी माझ्या अंगात होती, पण इतकी घाण मी कधी गिळली नव्हती. त्या माना हलताना पाहून मला जी किळस आली ती अजून उतरलेली नाही. आणि मी पोत्यात होतो. मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकानेही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तेजराम दुकानात आला, कारण ती सरळ नळी सैल झाली होती. त्याने पटाची हकीकत हसत सांगितली. पुढच्या रविवारी पटाची कमिटी बसणार होती. महागूला कायमचं पटातून काढणार, आणि मैनाबाईच्या गुडघ्याचा दोष त्याच्या माथी मारणार, हेही सांगितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग बैठकीमागून मला उचललं, दुकानात नेऊन ठेवलं, आणि नळीला हात लावायला नकार दिला. तेजराम शिव्या देत निघून गेला.

रविवारी मिस्त्रींनी मला पुन्हा पोत्यात घातलं आणि बसने त्या गावी नेलं. मैदानाच्या कडेला कमिटी बसली होती. महागू गळ्यात हात बांधून उभा होता. तेजराम आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्याच्या आई अनुसयाबाईंनाही बोलावणं गेलं होतं. त्या बसने आल्या होत्या, मुलाच्या गाडीतून नाही. मिस्त्रींनी मला सर्वांच्या मधोमध जमिनीवर ठेवलं.

"हे मी काढलं," ते म्हणाले. "माह्या हातानं. मले मालूम होतं का काय होईन, तरी काढलं. महागूचे बैल पिलेले नव्हते."

तेजराम म्हणाला की पत्र्याचा डबा काय साक्ष देणार. कमिटीतली माणसं चुळबुळली. कोणीतरी म्हणालं, गिरणीवाल्यांशी उगाच वाकडं कशाला.

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. शेजारच्या झाडांखाली, बाजाराला आलेल्या चार-पाच बैलजोड्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "शेठ, गाडी इथंच आहे. नळी पण तीच आहे. आता चालू करा. ह्या बैलांले तं कोनं दारू पाजली नाई ना?"

तेजरामचा हात गाडीच्या दाराकडे गेला. आणि मग मी जे पाहिलं ते विसरणार नाही. इतका वेळ माना खाली घालून बसलेले शेतकरी एकेक करून उठले. प्रत्येकजण आपल्या बैलांकडे गेला, दावं सोडलं आणि बैल लांब, पार बांधापलीकडे घेऊन गेला. आठवड्यापूर्वी माना हलवणारे दोघेही त्यांत होते. झाडांखाली नुसतं शेण आणि वैरण उरली.

तेजरामने दार उघडलं नाही.

अनुसयाबाई तेव्हा उठल्या. पदर सावरून त्या महागूसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बैल नाई बिथरले, भाऊ. माहा पोरगा बिथरला." मग मागे वळूनही न बघता मुलाला सांगितलं की सायलेन्सर लागेपर्यंत ही गाडी गिरणीच्या फाटकात येणार नाही, आणि तो मिस्त्रींनी बसवायचा नाही, तूच बसवायचा.

महागूवरचा आरोप तिथल्या तिथे गेला. मैनाबाईच्या औषधपाण्याचा खर्च अनुसयाबाईंनी अंगावर घेतला, पण तिचा गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही.

तेजराम खड्ड्यात उतरला तो दिवस मला आठवतो. मिस्त्री वर उभे राहून कोणता नट आधी, कोणता नंतर, एवढंच सांगत होते. त्याच्या बोटांना चटके बसले, जळकं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, माझ्यातली काजळी त्याच्या डोळ्यांत गेली. तो हात मला लागला तेव्हा मला घाण वाटली, खोटं कशाला सांगू. तरी मी जागेवर बसलो. इंजिन चालू झालं, आणि तो सगळा धूर पुन्हा माझ्या पोटात आला. या खेपेला मी तो तक्रार न करता घेतला.

मग तेजराम महागूच्या गावाकडे निघाला. गाव अर्धा मैल राहिलं असताना त्याने गाडी बंद केली आणि उरलेली वाट पायी गेला. तासाभराने परतला तेव्हा बराच वेळ स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकवून बसून राहिला. तिथे काय झालं ते पुढे महागूनेच दुकानात सांगितलं. त्याने तेजरामला पाणी दिलं आणि पाखऱ्याकडे नेलं. बैल जखमी नव्हता, पण लांबून कुठल्याही मोटारीची घरघर आली की गुडघ्यातून थरथरे. त्याला पुन्हा कधी जुंपता आलं नाही. महागूने त्याला विकला नाही. "बैल दुसरा भेटन," तो तेजरामला म्हणाला, "पन याच्या कानात जे गेलं ते कोन काढन?"

१९७२ साली मला गंजून भोकं पडली. त्या जागी नवा सायलेन्सर आला, आणि मी दुकानामागे टिनांच्या ढिगात आलो. भंगारवाला येईल तेव्हा जाईन. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की अजूनही इथे धडधाकट माणसं नव्या फटफट्या घेऊन येतात आणि मिस्त्रींना म्हणतात, हे काढून टाका.

मित्रांनो, आवाज काढायला अक्कल लागत नाही. तो कुणाच्या कानात जाणार आहे, हे बघायला लागते. आणि जे कुणी तुमची धग, तुमचा धूर मुकाट्याने पोटात घेत असेल, त्याला ओझं म्हणून काढून फेकू नका. महिन्यातून एकदा वाकून बघा, त्याचे नट घट्ट आहेत का. त्यासाठी जमिनीवर आडवं पडावं लागतं, कपडे खराब होतात. होऊ द्या.