सत्ताविसावा अर्थ

कोशाच्या कचेरीत माणसांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. ज्याच्याकडे जो शब्द, तेच त्याचं नाव. खिडकीपाशी सेटवाले बसत, दाराशी रनबाई, आणि मधल्या टेबलावर कार्डांच्या ढिगाआडून जिचा नुसता अंबाडा दिसे, ती चेकबाई. आपल्या बोलण्यात शिरून घरचेच होऊन बसलेले इंग्रजी शब्द गोळा करायचे, हे तिथलं काम. चेकबाईंनी एका शब्दावर दीड वर्ष काढलं होतं. ‘एवढं लक्ष सासूकडे दिलं असतं तर घर नावावर झालं असतं,’ असं रनबाई म्हणत, आणि चेकबाई ते हसण्यावारी नेत.

शब्दही तसाच द्वाड होता. मूळचा इराणच्या राजाचा, शाहाचा. बुद्धिबळात राजा अडचणीत आला की त्याच्याच नावानं ओरडायचं. आपल्याकडे तो शह झाला, आणि युरोप फिरून इंग्रजांकडे पोचेपर्यंत चेक. पटावरच्या चौकटी शर्टावर उतरल्या. राजाला अडवता अडवता कुणालाही अडवणं आलं, आणि अडवलं की तपासणं आलंच. बँकेतला चेक त्याच खानदानातला. असे सव्वीस अर्थ बाईंनी ओळीनं लावले होते. सत्ताविसावा सापडला तेव्हा त्या अक्षरशः हरखल्या.

तो सापडला जेवणाच्या टेबलावर. त्यांचा धाकटा भाऊ बंदराच्या चार नंबर गेटवर पासांवर शिक्के मारायचा आणि रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायचा. त्या रविवारी तो जेवत नव्हता, नुसता ताटात बोटं फिरवत होता.

“काल सहाजण चेकमध्ये गेले,” तो म्हणाला.

“चेकमध्ये गेले म्हणजे रे?”

“म्हणजे बाजूच्या दारानं आत. मग वहीत त्यांचं नाव खोडायचं. ते आलेच नव्हते असं धरायचं.”

“थांब थांब, नीट सांग. ‘चेकमध्ये गेले’ असंच म्हणतात? सगळेच?”

“ताई, जेवताना तरी ती कार्डं आत ठेव गं.”

पण कार्ड पर्समधून बाहेर आलं होतं. त्या सहाजणांचं पुढं काय झालं, हे बाईंनी विचारलं नाही. पुढं अनेक रात्री त्यांना याचीच लाज वाटत राहिली, आणि वाटायलाच हवी होती.

कचेरीचा नियम कडक होता. तीन वेगळ्या माणसांच्या तोंडची किंवा हातची तीन कार्डं असल्याशिवाय अर्थ छापायचा नाही. दोन कार्डं अर्थ न लागता आधीच पडून होती. एक एका ट्रकवाल्याच्या बोलण्यातलं. दुसरं वर्तमानपत्रातल्या पत्राचं: ‘माझे यजमान मार्चमध्ये चेकमध्ये गेले, कुणाला काही कळलं असल्यास कळवावे.’ भावाचं तिसरं. आणि कार्ड लिहायचं तर नियमानं पुरतं लिहायचं. बोलणारा: पासकारकून. वय एकतीस. बंदर, गेट क्रमांक चार, सकाळपाळी. नाव लिहायची पद्धत नव्हती, तेवढ्यावर बाई निश्चिंत होत्या. कोशाचा नमुना-खंड छापून झाला, सगळ्या मोठ्या सरकारी कार्यालयांत भेट म्हणून गेला.

बरोब्बर सतरा दिवसांनी एक गृहस्थ आले. पायपुसण्यावर बूट दोनदा पुसून मगच आत आले. मुख्य संपादकांसमोर बसून त्यांनी खंडाची फार तारीफ केली.

“सत्ताविसावा अर्थ तर आम्हाला नवीनच,” ते म्हणाले. “याची कार्डं बघायला मिळतील?”

संपादक फुलून गेले. उठल्याबसल्या ‘पुरावा?’ विचारणारा हा माणूस. कचेरी त्यांना मागून पुरावासाहेब म्हणे. तीस वर्षांत बाहेरच्या एकानंही त्यांचा पुरावा मागितला नव्हता.

“बाई, खण आणा!”

कार्डांच्या खोलीत बाईंनी तिसरं कार्ड काढलं, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये सरकवलं. मग खण उचलून बाहेर आणला.

पाहुण्यांनी दोन्ही कार्डं वाचली. “दोनच?”

“दोन कशी असतील?” संपादक म्हणाले.

“तिसरं नव्हतंच, सर,” बाई म्हणाल्या. “खंड छापायला जायचा होता. मी तीन आहेत असं खोटंच सांगितलं.”

रनबाईंनी पेन खाली ठेवलं. या कचेरीत यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता. बाईंची बावीस वर्षांची अब्रू त्या एका वाक्यात गेली, आणि त्यांना तिचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

“म्हणजे हा अर्थ नाहीच म्हणायचा?” पाहुण्यांनी विचारलं.

“नाहीच.”

“चला. चूक होते माणसाकडून. पुढच्या आवृत्तीत गाळून टाका.” त्यांनी फाइल मिटली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

“एक मिनिट,” संपादक उठले. चेहरा लाल झाला होता. “माझ्या कोशात खोटं छापलं जात नाही. बाई बावरल्यात, दुसरं काही नाही. अहो, प्रत्येक कार्डाची नक्कल मी स्वतः उतरवून ठेवतो. कुणाला ठाऊक नाही एवढंच.”

“सर, नको. सर, ऐका माझं—”

“तुमचीच बाजू घेतोय, बाई!”

त्यांनी आपल्या कपाटातून जाडजूड वही काढली, चष्मा चढवला आणि भरल्या आवाजात वाचलं. पासकारकून. वय एकतीस. गेट क्रमांक चार. सकाळपाळी. तारीखसुद्धा.

“किती चोख काम आहे तुमचं,” पाहुणे म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, आणि ते जिन्यातल्या फोनकडे गेले.

बाईंनी टेबलावरचा फोन ओढून चार नंबर गेटला लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. एकदाचा भावानं उचलला.

“काय गं ताई, कामाच्या वेळी? जेवायला काय करू विचारतेस की काय?”

“ऐक. आत्ताच्या आत्ता गेट सोड. घरी जाऊ नकोस, माझ्याकडेही येऊ नकोस. विचारू नकोस काही.”

“अगं, झालंय काय?”

“मी तुझं कार्ड लिहिलं रे. सगळं लिहिलं. निघ तू!”

त्याच्या मागून कुणीतरी अगदी अदबीनं त्याला हाक मारली.

“आलो साहेब,” भाऊ तिकडे म्हणाला. मग फोनमध्ये, हळू आवाजात, “ताई, फोन ठेवू नकोस हं. धरून ठेव.”

बाईंनी धरून ठेवला. जिन्यातून पाहुणे परत आले, संपादकांचा हात हातात घेऊन त्यांनी निरोप घेतला, पायपुसण्यावरून हलकेच गेले. रनबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. तिकडून ट्रकचे आवाज येत होते, शिक्क्याचा आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं कुणीतरी तिकडचा फोन उचलला, क्षणभर ऐकलं, आणि जागेवर ठेवून दिला.