ठसका

वकीलसाहेबांच्या जाहिरातीत एक ओळ ठळक छापलेली असे : 'उमेदीची वर्षं विमा कंपनीच्या बाजूने लढलो, त्यांचे सगळे डाव मला माहीत आहेत.' चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे लोकांना चटकन पटतं. हातपाय मोडलेली माणसं त्यांच्या दारात रांग लावत.

आज त्यांच्या शेजारी सख्खी ताई बसली होती. लोकांचे केस कापून तिने भावाला वकील केलं होतं. मालवाहू टेम्पोने उडवल्यापासून उजवा खांदा कामातून गेला, तिला स्वतःचा भांगही पाडता येईना. भरपाई मिळाली तरच शस्त्रक्रिया, नाहीतर जन्मभर हा असाच हात.

कंपनीतर्फे जबाब घ्यायला आला होता साहेबांचाच जुना चेला. शिकाऊ असताना तो ताईच्या घरी जेवायला असायचा. समोर कॅमेरा चालू होता, टंकलेखिका जबाब टिपून घेत होती. साहेबांनी ताईची तयारी घोटून घेतली होती, ती एकाही प्रश्नाला अडखळली नाही.

प्रश्न संपले. कागद आवरता आवरता चेल्याला ठसका लागला. तोंड लाल होईपर्यंत तो खोकत राहिला. पाण्याचा भरलेला जग होता ताईच्या उजव्या हाताशी.

ठसका खोटा आहे, हे साहेबांनी ओळखलं. बाकीच्या अशिलांना ते हा डाव पहिल्याच दिवशी सांगत. ताईला सांगितला नव्हता. ती खोदून खोदून विचारणार, असलं कुणाच्या डोक्यातून निघालं रे? शिवाय तिच्या हातचं खाल्लेला माणूस तिच्यावर हे करणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"ताई..." ते म्हणेपर्यंत तिने ओठ दाताखाली दाबून जग उचललाही होता.

"हळू पी रे," ती म्हणाली.

चेला सगळं पाणी प्यायला. मग टंकलेखिकेकडे वळला. "बाईंनी उजव्या हाताने भरलेला जग उचलला, नोंद घ्या." साहेबांकडे मात्र त्याला बघवेना. "रागावू नका सर. तुमच्याच हाताखाली शिकलोय."

बाहेर आल्यावर ताईने दुखरा हात छातीशी धरला. "काय शिकला तो तुझ्याकडून?"

साहेबांनी सांगितलं. लपवण्यासारखं आता उरलंच काय होतं?

"आणि ज्यांचं दुखणं खोटं असायचं, ते?"

"ते पाण्याच्या जगाला हात लावत नसत. सावध असायचे."

"म्हणजे दुसऱ्याच्या ठसक्यापुढे आपलं दुखणं विसरणारेच तेवढे बुडाले."

जग उचलणारी कितीतरी माणसं साहेबांना आठवत होती, आणि त्या प्रत्येक खटल्यानंतर कंपनीने दिलेली शाबासकीही.

लिफ्ट आली. ताईची पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तशी तिने ती डाव्या खांद्यावर सरकवली आणि एकटीच आत शिरली.

"तू जिन्याने ये," ती म्हणाली.