भेगेतले जीव

रूपालीने छिन्नीने टाकीची भेग मोकळी केली, ब्रशने धूळ झाडली आणि खिशातून पुडी काढली. ती उघडायला मात्र हात होईना. मिरजेजवळच्या त्यांच्या घरामागची ही काँक्रीटची टाकी दोन वर्षं पाझरत होती आणि तिच्या कॉलेजच्या प्रयोगाला अशीच भेग हवी होती.

"आत्याला सांग, औषध हाय," तिचे वडील जयपाल हळूच म्हणाले. "येवढ्यानं काय बिघडतंय?"

पुष्कळ बिघडत होतं. गुणमाला आत्या पाणी गाळून प्यायची आणि गाळण्यावर उरलेले जीव विहिरीत परत सोडायला, गुडघे कुरकुरले तरी, रोज पायऱ्या उतरायची. बारावीनंतर सगळी भावकी रूपालीचं लग्न ठरवायला बसली होती, तेव्हा हीच आत्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. म्हणून तर रूपाली इंजिनिअरिंगला गेली. तिच्याशी खोटं बोलणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं.

"काय गं त्यात?" आत्या मागे येऊन उभी होती.

"जिवाणू. जिवंत हायत, आत्या." रूपालीने सांगून टाकलं. "पाणी लागलं की जागं व्हत्यात, पुडीतलंच खाणं खात्यात आन् चुनखडी करत्यात. त्यानं भेग बुजती. पण ते आतच अडकत्यात."

"मरत्यात?"

"लय जण मरत्यात."

जयपालांनी कपाळावर हात मारला. रूपालीने पुडी पुन्हा खिशात ठेवली.

"तू नको म्हणालीस तर न्हाई भरणार."

"आन् पुडीतच ऱ्हायले तर?"

"झोपून ऱ्हातील. पन्नास वर्षंसुदीक."

"बिनअन्नाचे? पाण्याबिगर?"

"व्हय. खाणं शेजारी, पण पाण्याबिगर खाता येत न्हाई."

आत्या वळून आत गेली. प्रयोग बुडाला, रूपालीला वाटलं. तरी खरं बोलल्याने तिला हलकं वाटत होतं.

आत्या परत आली ती डोक्यावर पदर घेऊन, हातात गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन. "भर," ती म्हणाली.

रूपालीने भेगेत पूड दाबून भरली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुझे लय उपकार हायत, आत्या."

"माझे कसले? ह्येंचं पारणं करवाया मिळतंय, ह्येच लय झालं." जयपाल तांब्या घ्यायला पुढे झाले, पण आत्याने तो रूपालीच्याच हातात दिला.

"हळू ओत गं. लय दिसांचा उपास हाय. घोटाघोटानं दे."