वर्षाच्या आत

"बबिता कुठाय गं?" कावेरीबाईंनी पळी हातात धरूनच विचारलं. आठवीच्या पोरी रांगेत जेवायला बसल्या होत्या आणि बबिताचं स्टीलचं ताट, तिच्या आईचं नाव कोरलेलं, दिवाळीच्या सुट्टीपासून खिचडीच्या खोलीतच पडून होतं. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं.

रेणापूरच्या या शाळेत कावेरीबाई चौदा वर्षं खिचडी शिजवत होत्या. बबिताचा बाप आधीच गेलेला, आई यंदाच्या शिवरात्रीच्या सुमारास गेली. तेव्हापासून या पोरीला त्या एक पळी जास्तच वाढायच्या. शाळा सुटताच ताट घेऊन त्यांनी तिच्या काकूचं दार गाठलं.

काकू, सरजाबाई, शेंगा निवडत बसली होती. "या मावशी. बबिताचं लगीन उरकलं की आमी! कालच आणलंय तिला माहेराला."

कावेरीबाई उंबऱ्यातच थबकल्या. "लगीन? अगं, चौदाची बी न्हाई ती अजून! कशी धजावलीस?"

"आता असं काय करता? तुमीच म्हणलात की दहाव्याला, समद्या बायांत. वर्षाच्या आत घरात कार्य उरका, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागंल. आमी तुमचंच ऐकलं."

म्हणाल्या होत्या. मयताच्या प्रत्येक घरी, चहाचा कप हातात घेऊन, त्या हेच म्हणत आल्या होत्या. आई म्हणायची, सासू म्हणायची, म्हणून त्याही. त्या घरात लग्नाचं आहे तरी कोण, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली.

बबिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातभर हिरवा चुडा. हळूच म्हणाली, "मावशी, पटावर नाव हाय का माझं?"

"हाय की गं." कावेरीबाईंनी ताट पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"असू द्या शाळंतच."

दुसऱ्या दिवशी कावेरीबाई मोठ्या बाईंसमोर खुर्चीवर बसल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. बाई तक्रार लिहीत होत्या: काका, काकू, नवरा, लग्न लावणारा.

"आणखी कुणी?"

"सल्ला देणारी ऱ्हायली. कावेरीबाई, खिचडीवाली."

बाईंचं पेन थांबलं. कावेरीबाईंनी मांडीवरचं ताट घट्ट धरलं.

"लिवा, बाई."